वस्तूचा नकार आणि माणसाचा नकार

सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि समतेचा कायदा यांचा संघर्ष झाला तर कोणी कोणास वाट द्यावी, हा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गांतून वारंवार उपस्थित होतो. पूर्वी हा प्रश्न आपल्या विरोधात उभा केला जात असे. घर माझे, दुकान माझे, धर्म माझा. उंबरठ्याच्या आत कोणास घ्यावे हे मी ठरवीन, त्यात सरकारने पडण्याचे कारण काय, असा त्याचा सूर असे. आता तोच प्रश्न अधूनमधून आपलेच उपासक विचारू लागले आहेत. कोणाचा छापखाना आहे, कोणी निवृत्तीच्या पैशातून दोन खोल्या बांधून त्या भाड्याने दिल्या आहेत, कोठे विहाराला लागून सभागृह उभे राहिले आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने गणपतीचे चित्र असलेली लग्नपत्रिका छापावी काय? विहाराचे सभागृह सत्यनारायणाच्या पूजेसाठी द्यावे काय? बौद्धांखेरीज कोणास खोली द्यायची नाही असे ठरविले तर त्यात गैर ते काय? हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या केवळ नकार ऐकावा लागला, त्याच्या हाती आता थोडेबहुत नकार देण्याचे सामर्थ्य आले आहे, एवढे तरी त्यांवरून दिसते. म्हणून त्यांचा विचार संविधान आणि धम्म या दोन्ही अंगांनी करणे अगत्याचे आहे.

प्रथम संविधान पाहू. अनुच्छेद २५ प्रत्येकास सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो. परंतु या अनुच्छेदाचा आरंभच अटींनी होतो, ही गोष्ट त्याचा हवाला देणारे बहुधा विसरतात. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या जोडीला मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदींनाही हे स्वातंत्र्य अधीन आहे. त्या इतर तरतुदींत अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ आहे, आणि दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणासही अडविता येणार नाही असे सांगणारा अनुच्छेद १५ चा दुसरा खंड आहे. एरवी मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध असतात. शासनाने काय करू नये, हे ते सांगतात. हे दोन अनुच्छेद मात्र सामान्य माणसाच्या दारापर्यंत येऊन पोहोचतात. या देशात माणसाला पाण्यावाचून ठेवण्याचे काम सरकारपेक्षा शेजाऱ्याने अधिक केले होते, हे जाणणाऱ्यांनी संविधान लिहिले, त्याचा हा परिणाम होय.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हे दोन्ही विषय एकाच दिवशी चर्चेस आले. तेव्हा मसुद्यातील 'दुकान' या शब्दाची व्याप्ती किती, अशी विचारणा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेले उत्तर आजच्या आपल्या प्रश्नांनाही पुरते. दुकान म्हणजे चार भिंती आणि फळी एवढाच अर्थ त्यांना अभिप्रेत नव्हता. जो कोणी येईल त्यास आपली सेवा देण्यास मालक जेथे तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान, असा त्याचा व्यापक अर्थ त्यांनी सांगितला. शिवाय नुसते आत येऊ देणे पुरेसे नाही. अटी मान्य असतील तर सेवाही दिली पाहिजे, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. हा भेद बारकाईने पाहण्याजोगा आहे. न्हाव्याच्या दुकानात बाकावर बसू दिले, पण वस्तरा लावला नाही, तर तो प्रवेश कोणत्या कामाचा? बाबासाहेबांनी हे अनुभवावरून ओळखले होते. पुढे २०११ साली सैन्यदलाशी संबंधित दिल्लीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशांवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच स्पष्टीकरणाचा आधार घेतला आणि खासगी शिक्षणसंस्थाही या खंडाच्या कक्षेत आणल्या.

नकार देणारा आपल्या नकारास कोणकोणती नावे देतो, हे पाहावयाचे असेल तर महाडसारखे दुसरे उदाहरण नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचे धोरण ठरले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर जे घडले त्यात प्रतिपक्षाचा युक्तिवाद कसा वेष बदलत गेला ते पाहण्यासारखे आहे. प्रथम तो धर्माच्या नावाने आला : तळे बाटले, म्हणून पंचगव्याच्या घागरी ओतून ते शुद्ध करून घेण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये, सत्याग्रह परिषदेच्या तोंडावर, दिवाणी दावा दाखल झाला. आणि दाव्यात सूर बदलला. तळे सार्वजनिक नसून खासगी मालकीचे आहे, आणि त्याचा वापर केवळ स्पृश्यांनी करण्याची वहिवाट पूर्वापार आहे, असे न्यायालयाला सांगण्यात आले. जी गोष्ट लोकांना धर्म म्हणून सांगितली, तीच न्यायाधीशासमोर मालमत्ता आणि रूढी होऊन उभी राहिली.

हा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो अंतिमतः फेटाळला. तळे नगरपालिकेचे ठरले होते, आणि वादींनी सांगितलेली रूढी अनादिकाळापासून चालत आल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही. आपण हा विजय अभिमानाने सांगतो आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु निकालाचा आधार काय होता, याकडेही लक्ष द्यावयास हवे. अस्पृश्यांस पाणी नाकारणे अन्यायाचे आहे, असे तो निकाल म्हणत नाही. ते नाकारण्याची रूढी पुरेशी जुनी ठरली नाही, एवढेच तो म्हणतो. ती सिद्ध झाली असती तर? मद्रास प्रांतातील कामुदी येथील मंदिराच्या खटल्यात १९०८ साली प्रिव्ही कौन्सिलने नाडार समाजाचा मंदिरप्रवेश रूढीच्या आधारे नाकारलाच होता. अर्थात त्या काळच्या कायद्यात रूढी हाच हक्क होता. अनुच्छेद १७ ने हे पारडे उलटे केले. आता रूढी जितकी जुनी, तितका गुन्हा जुना, एवढाच तिचा अर्थ उरला आहे.

तरीही वेषांतर थांबले नाही. गुजरातेतील स्वामीनारायण संप्रदायाच्या काही अनुयायांनी आपला संप्रदाय हिंदू धर्मात मोडतच नाही, म्हणून हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्या मंदिरांना लागू नाही, असा दावा केला. तो १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर केला. दलितांनी देवळात येऊ नये एवढ्यासाठी आपण हिंदू नाही असे सांगण्यासही माणसे तयार झाली, हे वाचताना हसावे की रडावे ते कळत नाही. दक्षिण कर्नाटकातील मुल्की येथील वेंकटरमण मंदिराच्या खटल्यात गौड सारस्वत विश्वस्तांनी संप्रदायाच्या स्वायत्ततेचा, म्हणजे अनुच्छेद २६ चा आधार घेतला होता. तेथे न्यायालयाने संप्रदायाचा हक्क मान्य केला, परंतु सर्व हिंदूंना मंदिरे खुली करण्याचा शासनाचा अधिकार त्याहून वरचढ ठरविला आणि काही विशेष विधी तेवढे त्या ज्ञातीपुरते राखू दिले. तडजोड म्हणावी तर तडजोड. पण दार उघडले.

सर्वसामान्य व्यवहाराच्या दृष्टीने आपल्याला अधिक उपयोगी आहे तो १९५५ चा अधिनियम. मूळ नाव अस्पृश्यता (अपराध) अधिनियम. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम ६ प्रमाणे, नेहमीच्या धंद्यात इतर गिऱ्हाइकांस ज्या वेळी, ज्या जागी आणि ज्या अटींवर माल वा सेवा दिली जाते, तशीच ती अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्यास नाकारणे हा गुन्हा आहे. तोच चहा पण वेगळ्या कपात, हा जो गावोगावचा हुशारपणा, त्याला हे शब्द नेमके लागू पडतात. कलम ७ च्या स्पष्टीकरणात १९७६ साली भर घालून असे ठरविण्यात आले की, अस्पृश्यतेचे ऐतिहासिक, तात्त्विक वा धार्मिक कारणांनी किंवा जातिपरंपरेच्या नावाने समर्थन करणे म्हणजे अस्पृश्यतेस प्रोत्साहन देणेच होय. माझा तसा विश्वास आहे, हा बचाव कायद्याने अशा रीतीने आधीच बंद करून टाकला. विश्वास ठेवण्यास बंदी नाही, कारण मनात डोकावणारे न्यायालय अजून निर्माण झालेले नाही. त्या विश्वासाच्या बळावर दुसऱ्याचे पाणी तोडण्यास, आणि ते तोडणे रास्त आहे असे चार लोकांत सांगत फिरण्यास बंदी आहे.

याच अधिनियमाचे कलम १२ आमच्या मते फार मोलाचे आहे. कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीची. तथापि आपल्या समाजासाठी येथे एक खाच होती. धम्मदीक्षेनंतर जे बौद्ध झाले, त्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० च्या दुरुस्तीपर्यंत स्थान नव्हते. म्हणजे सुमारे चौतीस वर्षे असा देखावा होता की, अपमान करणाऱ्याला माणसाची जुनी जात बरोबर आठवत होती, आणि कायद्याला ती आठवत नव्हती. शिक्षेबद्दल बोलायचे तर ती एक महिना ते सहा महिने कारावास आणि शंभर ते पाचशे रुपये दंड एवढीच आहे. अत्याचार प्रतिबंधक अधिनियम १९८९ साली आला आणि २०१५ च्या दुरुस्तीने त्यात पाणवठा, स्मशानभूमी, दुकान, दवाखाना, वरातीत घोड्यावर बसणे, सामाजिक व आर्थिक बहिष्कार या गोष्टी स्पष्ट शब्दांत घातल्या, ते या अपुरेपणामुळेच.

कर्नाटकातील आप्पा बाळू इंगळे यांच्या खटल्यात प्रश्न नव्याने खोदलेल्या कूपनलिकेचा होता. तक्रारदारांना अस्पृश्य म्हणून धाक दाखवून तेथून पाणी घेऊ दिले नव्हते. उच्च न्यायालयाने आरोपींना सोडले होते. डिसेंबर १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील काहींची शिक्षा पुन्हा कायम केली. कूपनलिका नवी होती, हे ध्यानात घ्यावे. तिला कोणतीही परंपरा नव्हती, कोणत्याही ग्रंथात तिचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते. यंत्र आले त्याच दिवशी त्यापाठोपाठ विटाळही येऊन बसला.

आता धम्माकडे वळू. भगवान बुद्धांनी कर्माचा निकष चेतनेत, म्हणजे हेतूत सांगितला. कायदा कृत्य पाहतो, धम्म चेतना पाहतो. म्हणून कायदा पाळणारा प्रत्येक जण शीलवान असेल असे नाही, आणि कायद्याने धम्माचे काम करावे अशी अपेक्षाही धरू नये. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पंचशील आपण रोज म्हणतो. त्यातील क्रियापद प्रथमपुरुषी आहे, याकडे किती जणांचे लक्ष गेले असेल? समादियामि म्हणजे मी स्वीकारतो, मी ग्रहण करतो. शेजाऱ्याने मद्य पिऊ नये असे शील त्यात नाही. मी पिणार नाही, असे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञाही याच घडणीच्या आहेत. मी मानणार नाही, मी उपासना करणार नाही, मी श्राद्धपक्ष करणार नाही. त्या घेणाऱ्यास बांधतात. दुसऱ्याच्या घरातील देव्हारा हलविण्याचा अधिकार त्यांतून निघत नाही.

उपासकाने कोणते व्यापार करू नयेत, हेही बुद्धांनी अंगुत्तर निकायात सांगितले आहे : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. या पाचांची यादी नीट वाचली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. त्यात वस्तू आहेत. गिऱ्हाईक कोठेही नाही. मद्य विकू नये असे आहे. अमक्या कुळातल्यास काही विकू नये असे नाही. मांसाचा व्यापार करू नये असे म्हणणाऱ्या शास्त्याने मांस खाणाऱ्यास घरात घेऊ नये असे म्हटलेले नाही. येथेच आपल्याला व्यवहारात वापरण्याजोगी पहिली कसोटी सापडते. बौद्ध दुकानदार दारू ठेवत नाही. तो ती ब्राह्मणास देत नाही, मुसलमानास देत नाही, बौद्धासही देत नाही. हा वस्तूचा नकार. परंतु जो माल तो चारचौघांस देतो, तोच पाचव्यास त्याचे आडनाव ऐकून नाकारील, तर तो माणसाचा नकार. पहिल्यात त्याचे शील आहे आणि झळ त्याच्याच गल्ल्याला बसते. दुसऱ्यात झळ समोरच्यास बसते.

मज्झिम निकायातील उपाली गृहपतीची कथा याच संदर्भात आठवते. निग्रंथांचा हा धनाढ्य अनुयायी बुद्धांशी वाद करण्यास आला आणि उपासक होऊन गेला. तेव्हा तथागतांनी त्यास सांगितले की, तुझे घर दीर्घकाळ निग्रंथांचा आधार राहिले आहे. ते दारी आले तर त्यांस भिक्षा देणे तू चालू ठेवावेस. त्याचा विश्वास बदलला होता. पण त्याच्या विश्वासाच्या बदलाची किंमत दुसऱ्याच्या भिक्षापात्राने चुकवावी, हे बुद्धांस मान्य नव्हते. विहिरीवर मातंगकन्येकडे पाणी मागणाऱ्या आनंदाची कथा आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. तिने आपली जात सांगितली, तेव्हा मी जात विचारली नाही, पाणी मागितले, असे तो म्हणाला. उपालीची कथा तितकी सांगितली जात नाही. ती देणाऱ्याच्या बाजूची आहे म्हणून असेल.

तथापि वस्तू आणि माणूस यांतील हा भेद जितका सरळ दिसतो तितका तो सर्वत्र राहत नाही. काही अटी दिसतात वस्तूच्या, आणि असतात माणसाच्या. शहरांत भाड्याचे घर शोधणाऱ्या आपल्या तरुणांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. जात विचारणे आता असभ्य समजले जाते, म्हणून आहार विचारला जातो. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, त्यामुळे, असे वाक्य अर्धवटच सोडले जाते. घरमालकाची शाकाहारावरील श्रद्धा खरी असू शकते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ज्या अटीने काही विशिष्ट समाजांचीच माणसे नेमकी गाळली जातात, ती अट सर्वांना सारखी आहे एवढे म्हटल्याने निर्दोष ठरत नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंच्या वाट्याला कसे नकार आणि कशा जाचक अटी येतात, ते त्यात दाखविले आहे. त्यापूर्वी २००७ साली थोरात आणि पॉल अटवेल यांनी नोकरीच्या अर्जांवर केवळ आडनावाचा काय परिणाम होतो, हे तपासले होते.

अन्य देशांतील न्यायालयांनाही या गाठीशी झगडावे लागले आहे. अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा झाल्यावर दक्षिण कॅरोलायनातील एका उपाहारगृहांच्या मालकाने, कृष्णवर्णीयांस बसवून खाऊ घालणे आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे, असा बचाव केला. १९६८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो विचारात घेण्याच्याही योग्यतेचा मानला नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल येथील एका लहान हॉटेलच्या ख्रिस्ती मालकांनी, दुहेरी पलंगाची खोली आपण केवळ विवाहितांस देतो, या नियमावर बोट ठेवून दोन पुरुषांच्या जोडप्यास खोली नाकारली होती. नियम सर्वांना सारखा होता खरा. पण त्या काळी तेथे समलिंगी व्यक्तींना विवाहच करता येत नव्हता. २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात मालक हरले. आपल्याकडील आहाराच्या अटीशी या नियमाचे साम्य वाचकांच्या लक्षात येईलच. उलट, बेलफास्ट येथील एका बेकरीने समलिंगी विवाहास पाठिंबा देणारे वाक्य केकवर लिहिण्यास नकार दिला, तेव्हा २०१८ साली त्याच न्यायालयाने बेकरीच्या बाजूने निर्णय दिला. आक्षेप गिऱ्हाइकाला नव्हता, मजकुराला होता. तोच मजकूर अन्य कोणी मागितला असता तरी तो नाकारला गेला असता, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. या निकालावर तेथे पुष्कळ वाद झाला आणि तो सर्वस्वी अनाठायी होता असे आम्हांस वाटत नाही. परंतु न घडलेला व्यवहार मनाशी घडवून पाहण्याची ही पद्धत उपयुक्त आहे. गिऱ्हाईक बदलून पाहावे आणि उत्तर बदलते काय ते पाहावे.

आपल्या छापखान्याच्या प्रश्नास ही पद्धत लावली तर काय दिसते? गणपतीचे चित्र कोणाच्याच पत्रिकेवर छापणार नाही, असे म्हणणारा उपासक मजकूर नाकारतो, असे एका अर्थी म्हणता येईल. दुसऱ्या अर्थी, ते चित्र मागणारे सारे हिंदूच असणार, तेव्हा त्याचा नियम आहाराच्या अटीसारखाच एका समाजाला वगळणारा ठरतो. येथे विचार दोन्ही बाजूंना ओढतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आमचे मत असे की, त्याने पत्रिका छापावी. प्रतिज्ञा उपासनेविषयी आहे आणि छपाई ही उपासना नव्हे. खिळे जुळविणारा जे जे जुळवितो त्या सर्वांवर त्याची श्रद्धा असते, असे कोणी समजत नाही. मात्र जातिश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणारे पुस्तक वा पत्रक कोणी आणले, तर ते परत करण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे, मग आणणारा कोणत्याही जातीचा असो. अस्पृश्यतेचे समर्थन असेल, तर तो अधिकार न राहता कर्तव्य होते.

सदसद्विवेकबुद्धीचे संरक्षण जेथे निःसंशय व्हावयास हवे, अशी जागाही आहे. केरळमधील यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हटले नाही म्हणून शाळेतून काढले होते. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, फक्त गात नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. त्या मुलांच्या मौनाने कोणाचे काही हिरावले गेले नव्हते. याच न्यायाने, कार्यालयातील पूजेत हात जोडण्यास वा वर्गणी देण्यास नकार देणाऱ्या बौद्ध कर्मचाऱ्यास आपला नकार टिकविता आला पाहिजे. आणि विवाह, मैत्री, घरातील पंगत यांत कायद्याने पडू नये, हेही योग्यच आहे. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील निबंधात आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगणाऱ्या बाबासाहेबांनी विवाहाची सक्ती करणारा कायदा कधी मागितला नाही. परंतु १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी त्यांनी केली, आणि त्यासाठी १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना घेतला. महाराष्ट्रात असा कायदा २०१६ साली झाला आणि २०१७ पासून अमलात आला. मुलगी कोणास द्यावी हे माणसाने ठरवावे. गिरणीत कोणाचे दळण घ्यावे हे गावाने मिळून ठरवू नये, असा हा भेद आहे.

घरांच्या बाबतीत मात्र आपला कायदा लंगडा आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात घराचा उल्लेख नाही, आणि धर्म वा आहार यांवरून भाडेकरू नाकारणाऱ्यास शिक्षा देणारा सर्वसाधारण केंद्रीय अधिनियमही नाही. २००६ च्या सच्चर समितीने समान संधी आयोगाची शिफारस केली होती. शशी थरूर यांनी लोकसभेत मांडलेले भेदभावविरोधी खासगी विधेयक तसेच विरून गेले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद येथील पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, सदस्यत्व केवळ पारशांस देण्याचा उपविधी संघटनास्वातंत्र्याच्या आधारे वैध ठरविला. एकेका समाजाच्या वसाहतींना त्यामुळे कायद्याचा आधार मिळाला. तेव्हापासून आपल्यातही कोणी म्हणतात, मग आपणही केवळ बौद्धांच्या संस्था का काढू नयेत? मागासवर्गीयांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था वेगळ्या. ज्यांना बाजाराने घर नाकारले त्यांना ते मिळवून देणे हा त्यांचा हेतू आहे. परंतु केवळ 'आपली' माणसे एकत्र असावीत म्हणून दार बंद करणे कायद्यात बसले तरी ते आपण करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या निकालाचा सर्वाधिक तोटा ज्यांना होणार आहे, त्यांत आपण पहिले आहोत. ज्या युक्तिवादाने आपल्याला घर नाकारले जाते तोच आपण वापरला, तर न्यायालयात वा रस्त्यावर कोणत्या तोंडाने उभे राहणार? आणि ही केवळ परधर्मीयांची गोष्ट नाही. मातंग, चर्मकार, ढोर, वाल्मीकी समाजातील कुटुंबांना आपल्याच वस्त्यांत खोली मिळताना कसे प्रश्न विचारले जातात, हे ऐकावयाचे असेल तर त्यांना विचारावे.

शेवटी विहारांच्या सभागृहांविषयी, कारण त्याबद्दल आमच्याकडे सर्वांत अधिक विचारणा होते. सभागृहात पशुबळी, मद्यपान, सत्यनारायण वा अन्य कर्मकांड होणार नाही, असा नियम करण्यास विहार समिती मुखत्यार आहे. तो कार्यक्रमाच्या स्वरूपाविषयीचा नियम आहे आणि तो बौद्ध कुटुंबालाही तितकाच लागू करावा लागेल. वर्गणीदाराच्या घरचे कार्य आले की डोळेझाक, असे चालणार नाही. परंतु मुलाचे बारसे, वाढदिवस, निवृत्तीचा सत्कार, नोंदणी विवाहानंतरचे स्नेहभोजन यांसाठी सभागृह इतरांस भाड्याने दिले जात असेल, तर ते मागणारा हिंदू आहे, ख्रिस्ती आहे, वधू-वर दोन जातींचे आहेत किंवा त्यांच्या घरच्यांचा विवाहास विरोध आहे, या कारणाने ते नाकारू नये. नियम आधी लिहून फलकावर लावावेत. माणूस समोर आल्यावर आठवलेला नियम बहुधा त्या माणसासाठीच केलेला असतो. मागणीअर्जाच्या छापील नमुन्यात पुष्कळ ठिकाणी 'जात' आणि 'धर्म' असे दोन रकाने आढळतात. कार्यक्रमाचे स्वरूप, तारीख, वेळ, अपेक्षित उपस्थिती आणि जबाबदार व्यक्तीचा पत्ता एवढी माहिती सभागृह देण्यास पुरते. ते दोन रकाने पुढील छपाईच्या वेळी काढून टाकावेत, आणि तोवर शिल्लक असलेल्या अर्जांवर ते खोडून द्यावेत.